पिवळ्या चिठ्ठीवरचं पान

"रद्दी पुढच्या सोमवारी मिळेल," मी स्टुलावरूनच सांगितलं. "आज नुसती वेगळी काढणं चाललंय."

दारातला माणूस हलला नाही. पुढ्यात ढकलगाडी, गाडीवर गोणपाटात बांधलेलं काहीतरी, डोक्याला रुमाल. मग शांतपणे म्हणाला, "रद्दीवाला न्हाई मी, मॅडम. स्कॅनिंगवाला हाय. मशीन उन्हात तापायलंय, आत घेऊ का?"

मी घाईनं उतरायला गेले आणि स्टूल डगमगलं. त्यानं एका हातानं ते धरलं, माझ्याकडं न बघता. खरं म्हणजे सगळं तिथंच सुरू झालं, पण मला कळायला आठवडा लागला.

तो रामेश्वर. बीडजवळच्या पालीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. संगणकाचा कोर्स करून दोन वर्षं गावोगावच्या वाचनालयांतली जुनी पुस्तकं मशीनीत घालत हिंडत होता. आणि मी आम्रपाली, केजच्या या वाचनालयाची ग्रंथपाल. ग्रंथपाल, शिपाई आणि उंदीर हाकलणारी, तिन्ही मीच. इमारत पाडायची ठरली होती, नव्या जागेत दोनच कपाटं मावणार होती, ती भरूनही झाली होती. मशीन आठवडाभर आमच्याकडं राहणार, सहा हजार पानं घेणार, आणि पुढच्या सोमवारी दुपारी बाराला उरलेलं सगळं, यादीप्रमाणे मोजून, कागदाचा लगदा करणाऱ्या कारखान्याच्या गाडीत जाणार; घरी काही न्यायचं नाही.

काय राहायचं, काय जायचं, हे मी ठरवायचं. घ्यायचं असेल त्यात गुलाबी चिठ्ठी, सोडायचं त्यात पिवळी. पिवळी घालताना माझा हात जड व्हायचा.

आतली खोली ज्ञानोबा सरांची. सर इथले आधीचे ग्रंथपाल. अकरा वर्षांपूर्वी त्याच खोलीत, त्यांच्या वेताच्या खुर्चीत, भर दुपारी वारले. मांडीवर पुस्तक उघडंच होतं म्हणतात. कसर लागू नये म्हणून ते प्रत्येक पुस्तकात कडुलिंबाची पानं घालायचे. अंगणातलं त्यांचं झाड मागल्या वर्षी नालीच्या कामात गेलं, आणि पुस्तकांतली वाळकी पानं आता माझ्या हातात चुरा होऊन सांडत होती.

पहिल्या संध्याकाळी पाचला कुलूप लावलं आणि दोन किल्ल्यांतली एक रामेश्वरला दिली. सकाळी येऊन बघते तर पिवळ्या ढिगातली एक वही मशीनशेजारी टेबलावर. कुणा पाणाड्यानं लिहिलेली, कुठल्या शिवारात किती हातांवर पाणी लागलं त्याची. मी न वाचताच सोडून दिली होती. उघडली, तर माझ्या पिवळ्या चिठ्ठीवर कडुलिंबाचं एक पान... हिरवं, कोवळं, देठाला अजून ओल असलेलं.

मी रामेश्वरकडं पाहिलं. तो मान खाली घालून काच पुसत होता, ओठांत हसू दाबून. बरं, म्हणजे या माणसाला तोंडानं सांगायचं नाही, पान ठेवून सांगायचंय.

"घेऊ का ही?" त्यानं विचारलं.

"घ्या ना. एवढ्या मायेनं ठेवलीय कुणीतरी."

तो कानापर्यंत लाल झाला. मग रोज एक पान. रोज मी टाकलेलं काहीतरी टेबलावर यायचं, आणि वाचून बघितलं की कळायचं, अगं बाई, हे कसं टाकलं आपण. विचारलं नाही मी. विचारलं की खेळ मोडला. उलट बुधवारपासून मी काजळ घालायला लागले, तेव्हा झाडूवाल्या छबुबाई म्हणाल्या, "पोरी, रद्दी निवडायला एवढं नटायचं कावून?"

छबुबाई बारा ते एक आतल्या खोलीत झाडू न्यायच्या नाहीत. "सर वाचत असतेत," एवढंच म्हणायच्या, कुणी चहा पितंय असं सांगावं तशा.

दुपारी लाइट जायची. पंखे थांबायचे, मशीन मुकं व्हायचं, आणि त्या शांततेत आतून आवाज यायचा. पान उलटल्याचा. एक पान... मग माणसाला वाचायला लागतो तेवढा वेळ... मग दुसरं.

"वारा हाय," रामेश्वर म्हणायचा.

खिडकी बंद असायची. एकदा मी धीर करून आत गेले. एप्रिलचं ऊन, भिंती तापलेल्या, कपाटाचं लोखंड चटका देत होतं. वेताच्या खुर्चीला हात लावला, आणि ती गार होती. माठाच्या पोटासारखी गार. मी बाहेर आले ते थेट रामेश्वरच्या शेजारच्या बाकावर बसले, नेहमीपेक्षा जरा जवळ. त्यानं चहाचा कप पुढं सरकवला.

गुरुवारी मशीनच्या पडद्यावर एक पान बघताना मी थबकले. कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा आला होता. म्हातारा, नखात निळी शाई मुरलेला.

"हा कुणाचा?"

"तुमचाच की. कागद तुमीच धरता," तो हसला आणि पुसून टाकला. माझ्या हाताकडं त्यानं नीट बघितलं नसावं, म्हणून मला थोडा रागच आला.

त्याच दुपारी लाइट गेल्यावर तो आपणहून बोलला. "बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी इकडं केजच्या रस्त्यावर खडी फोडायला आलती. बायडाबाई. लई गायची म्हणं. मुकादमसुदिक ऐकत बसायचा. बाप सांगतो, पण त्याला एक ओळ ध्यानात न्हाई. दोन वर्षं झाली, जगाचे आजे-पणजे मशीनीत घालायलोय, पण माझ्या घरचा एक कागद न्हाई कुठं. जातो त्या गावात आधी तेच हुडकतो."

"इथं हुडकलं?"

"पयल्याच दिवशी. गाण्यांच्या साऱ्या वह्या बघितल्या. न्हाई." त्यानं बोटावरची रबरी टोपी काढली, पुन्हा घातली. "आता केज सोडून कुठं असणार? ती दुसरीकडं गेलीच न्हाई."

मला त्या हातावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. कप उचलले आणि विसळायला गेले.

रविवारी संध्याकाळी हिशेब स्पष्ट होता, दोनशे पानं उरली होती. ती मी माझ्यासाठी राखली होती. मुलांच्या एका मासिकाचा बांधलेला खंड. आई मजुरीला गेली की मी या वाचनालयात बसायचे, आणि सरांनी मला अक्षरं वाचायला शिकवली ती त्याच खंडावर. गुलाबी चिठ्ठी घालून ठेवला. रामेश्वरनं त्याची किल्ली परत दिली. "उद्या तेवढं केलं की निघतो मी," म्हणाला, आणि दोघंही उगाचच कुलूप ओढून बघत राहिलो.

सोमवारी सकाळी दोघं एकदमच दारात आलो. कुलूप मी उघडलं.

टेबलावर सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. पिवळी चिठ्ठी माझीच. तिच्यावर आज एक पान नव्हतं, अख्खी डहाळी होती.

"आज डहाळीच?" रामेश्वर हळूच म्हणाला. "मी जाणार म्हणून?"

"मला काय विचारता? तुम्हीच ठेवता ना रोज."

"मी?" त्याचं हसू गेलं. "किल्ल्या रात्रभर तुमच्याकडं होत्या, मॅडम. दोन्ही."

मी हातातल्या किल्ल्यांकडं पाहिलं. "मग एवढे दिवस..."

"मला वाटलं, तुमीच..."

"मला वाटलं, तुम्ही."

आतल्या खोलीत पान उलटलं. आम्ही दोघंही हललो नाही. त्यानं माझं मनगट कधी धरलं, ते मला आठवत नाही.

बाहेर लगद्याच्या गाडीनं वेळेआधीच हॉर्न दिला. गठ्ठा कसला होता ते मला माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळी कामांचे हजेरीपट. नावं आणि हजेरीच्या खुणा. असले सरकारी तक्ते मी पहिल्याच दिवशी न उलटता पिवळ्यात टाकले होते. लाइट नव्हती, पंखा बंद होता. सुतळी सैल होती, आणि वरचा कागद सावकाश, कुणी बोटानं उचलावा तसा, उलटा झाला.

मागच्या कोऱ्या बाजूवर सरांचं बारीक अक्षर होतं. सर तरुणपणी त्या कामांवर हजेरी घ्यायचे, ते मी विसरूनच गेले होते. कागद दुसरा कुठला मिळणार तेव्हा?

*खडी फोडिते उन्हाची, हातोडा लागतो जड*
*ध्यान माझं गं लागलं पालीच्या तळ्याकड*

खाली लिहिलं होतं: बायडाबाई, पाली. ओव्या दुपारच्या सुट्टीत सांगितल्या. पुढं आणखी आहेत.

रामेश्वर फरशीवर बसला. त्यानं ती ओळ बोटानं वाचली, लहान पोरं वाचतात तशी, आणि मग परत वाचली. मी कागद मोजले. मागच्या बाजू तेवढ्या घेतल्या तर एकशे नव्वद पानं.

मी मासिकाच्या खंडातली गुलाबी चिठ्ठी काढली आणि गठ्ठ्यात खोचली.

"तुमचं ते?" त्यानं वर पाहिलं.

"मला पाठ आहे," मी म्हणाले. पाठ नव्हतं.

नेमकी तेव्हाच लाइट आली. गाडीवाल्याला बारापर्यंत थांबवलं. मी कागद ठेवत होते, तो बटण दाबत होता, आणि पडद्यावर प्रत्येक पानाच्या वळलेल्या कोपऱ्यावर तो अंगठा होता, नखात निळी शाई असलेला. रामेश्वर पुसायला गेला तसा मी त्याचा हात धरला.

"राहू द्या. कागद उडू नये म्हणून धरलाय त्यांनी."

शेवटचं पान झालं तेव्हा बाराला पाच कमी होते. माझा खंड गाडीत गेला, मी पाठ फिरवून उभी राहिले. गाडी वळल्याचा आवाज आला.

"पानं तुमी ठेवत नव्हता," रामेश्वर मागून म्हणाला, "तर मी सात दिवस कुणाला उत्तर देत होतो? पहाटे उठून, दाढी करून?"

"मी काजळ कुणासाठी घालत होते, ते पण विचारा."

"म्हणजे आता तोंडानं बोलावं लागंल."

"बोला की..."

त्यानं बोटावरची रबरी टोपी काढली, घातली, परत काढली. "मला तू लई आवडतीस, आम्रपाली. घरी कळलं की जातीवरनं दोन्हीकडं बोंब व्हईल, ते ठाऊक हाय मला."

"होऊ दे. आमच्याकडची मी निस्तरते. तुमच्याकडची तुम्ही बघा. आणि मला पण तुम्ही... म्हणजे तू..." पुढचं मला बोलता आलं नाही. त्याला कळलं.

आत खुर्ची करकरली, कुणी बसलेलं उठावं तशी. या वेळी आम्ही दोघंही आत गेलो, हात धरून. खोली रिकामी होती, कपाटं उघडी, भिंतींना ऊन लागलेलं. मी वेताच्या खुर्चीला हात लावला. ती तापली होती, खोलीतल्या बाकी सगळ्यासारखी. मला एकदम रडू आलं, आणि रामेश्वरनं कावून म्हणून विचारलं नाही.