काळ्या बियरच्या सहा बाटल्या

बियर कारखानदाराची धाकटी बहीण दारातून आत आली ती रडत नव्हती, नुसती धापा टाकत होती.

"हरवलेलं शोधणाऱ्या वहिनी तुम्हीच ना?"

"मीच. बस आधी."

खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी. पण त्यांचा दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" करत मागे फिरायचा, म्हणून सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. दीर अंगानं दांडगा आणि मनानं साधा. डोकं चालायचं, पण बैलगाडीच्या वेगानं.

"बसायला वेळ नाही वहिनी," धाकटी म्हणाली. "आत्ता अकरा वाजलेत. चारला बियरची स्पर्धा आहे. तोवर चोर सापडला नाही तर दादा मला कारखान्यातून कायमचं काढणार. बारा वर्षं राबलेय हो मी तिथं!"

"चोरीला काय गेलं?"

"दादाची काळी बियर. सहा महिने मुरवली होती. मडक्याएवढं लाकडी पिंप, त्यातून सातच बाटल्या निघाल्या. एक काल दुपारी तिथंच फोडली, सगळ्यांना घोटघोट दिला. सहा थंड खोलीत ठेवल्या. संध्याकाळी मीच त्यांना लेबलं चिकटवली. आज सकाळी दादानं एक उघडली, तर आत दुकानात मिळते तसली पाणचट काळी बियर! सहाही तशाच."

"आणि त्या खोलीची चावी?"

"एक दादाकडं, एक माझ्याकडं."

दीर म्हणाला, "मग दादानंच केलं असणार."

"भावजी, स्वतःच्या घराला स्वतः आग लावून कोण शेकत बसतं? चला, चपला घाला."

कारखाना म्हणजे एक लांबडी खोली. तीन चकचकीत टाक्या, ओली फरशी, आणि भिजवलेल्या धान्याचा गोडसर वास. दादा दाढी ओढत येरझाऱ्या घालत होता.

"लेबलं हिच्या हातची, चावी हिच्या खिशातली," तो गरजला. "आणखी काय शोधायचंय?"

"आधी एवढं सांगा, ही बियर प्यायची कशी?"

दादा थबकला. त्याचा राग पुरात वाहून जावा तसा गेला, आणि डोळ्यांत लख्ख दिवे लागले.

"काळी ना? ती बर्फगार प्यायची नाही, बाई! फ्रिजमधून काढून अर्धा तास ठेवायची. मोठ्या पोटाचा काचेचा ग्लास, तोही लख्ख. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो. ग्लास तळहातात धरायचा, आधी हुंगायची, मग छोटा घोट. भाजलेल्या दाण्याची चव अशी हळूहळू उलगडते!"

"आणि थंड प्यायली तर?"

"जीभ बधिर. नुसतं कडू पाणी."

"खोटं वाटतं," दीर म्हणाला.

दादाला तेवढंच हवं होतं. त्यानं आपली रोजची काळी बियर दोन ग्लासांत दिली, एक फ्रिजमधली, एक टेबलावर राहिलेली. दीर पहिली प्यायला आणि त्यानं खांदे उडवले. दुसरी प्यायला आणि ग्लास खालीच ठेवेना.

"वहिनी! यात तर चॉकलेट आहे! बघा ना, आहेच!"

"चोर शोधायला आलोय आपण," वहिनी म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरलं नाही. "दादा, मग काल सगळ्यांना कशी दिलीत?"

दादा ओशाळला. "गारठलेलीच. थंड खोलीत उभ्या उभ्या. हावरटपणा माझा, धीर निघाला नाही."

"काल इथं आणखी कोण होतं?"

तिघं होते, आणि तिघंही आज आले होते. वहिनींनी एकेकाला टाकीमागं बोलावलं. प्रश्न सगळ्यांना एकच, की कालचा घोट कसा लागला.

लाकडी पिंपं दुरुस्त करणारा पिंपवाला गाल धरून आला. "दाढ किडलीये माझी. असा ठणका लागला, अर्धा घोट थुंकला. मालकाला सांगू नका."

"जाताना काय नेलंत?"

"हत्यारांची पेटी. जड होती. उघडून बघायचीय?"

दीरानं वहिनींच्या कानात सांगितलं, "हाच. पेटीत सहा बाटल्या आरामात मावतात."

काउंटर सांभाळणाऱ्या काकूंना बोलायला निमित्तच पाहिजे होतं. "कडू हो, कडूजहर! तरी 'वा मालक' म्हटलं. नोकरी आहे ना! पेले पण स्टीलचे. काचेचे ग्लास सगळे मी गरम पाण्यात बुडवून ठेवले होते."

"मग?"

"मग जेवलो. धाकटीनं एप्रन खुंटीवर टांगला, चावी त्यातच. कोण हात धुवायला उठतंय, कोण फोनवर बोलायला. उस्तादांनी जेवणावर प्यायला त्यांची सोनेरी बियर आणली होती. बारा बाटल्यांचा क्रेट, ओल्या गोणपाटाखाली. त्यातल्या सहाच बाटल्या आम्ही संपवल्या. जाताना क्रेट त्यांनी स्वतः उचलला, झोपलेलं बाळ उचलावं तसा. मी म्हटलं, उस्ताद, पाठ धरली की काय!"

उस्ताद म्हणजे दादाला बियर करायला शिकवणारा पांढऱ्या मिशांचा म्हातारा. स्पर्धेत नऊ वर्षं त्यांचाच पहिला नंबर. शेजारच्याच गल्लीत राहायचे. सकाळपासून दादाजवळ बसून त्याला धीर देत होते.

"कालचा घोट?" उस्तादांनी डोळे मिटले. "पोरी, काय सांगू! आधी भाजलेली कॉफी. मग काळ्या मनुका. आणि अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, लाकडाची ऊब. कोकोच्या रंगाचा बोटभर फेस, ग्लासाच्या कडेनं जाळी विणत खाली उतरत गेला. पन्नास वर्षांत अशी प्यायलो नाही."

"शिष्याचं फार कौतुक आहे तुम्हाला."

"माझ्या हातचा आहे तो," उस्ताद म्हणाले, आणि मिशी पुसली.

वहिनींनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. त्यांनी सगळ्यांना टाक्यांसमोर बोलावलं.

दीर पिंपवाल्याशेजारी छाती काढून उभा राहिला. पळाला तर धरायला.

"भावजी, त्यांना सोडा. दाढदुखीनं बेजार झालेत ते, पळतात कुठं?" वहिनी म्हणाल्या. "बाटल्या काल दुपारी जेवणाच्या वेळी बदलल्या. तेव्हा त्या कोऱ्या होत्या. लेबलं संध्याकाळी लागली. म्हणजे धाकटीनं न कळता खोट्या बाटल्यांनाच लेबलं लावली. चावी खुंटीवर होती, ती कुणालाही घेता आली असती. म्हणून चावी कुणाकडं होती याला काही अर्थच नाही."

दादानं मान खाली घातली.

"आता बघा. कालचा घोट एकाला ठणका वाटला, एकीला कडूजहर. बरोबरच आहे. गारठलेल्या बियरची चव कळतच नाही, दादांनीच सांगितलं. पण एका माणसाला कॉफी लागली, मनुका लागल्या, लाकडाची ऊबसुद्धा लागली."

उस्ताद हसले. "बाई, जुनी जीभ आहे माझी. थंडातही कळतं मला."

"जीभ असेल हो. पण डोळे? ग्लासाच्या कडेनं फेसाची जाळी उतरताना पाहिलीत तुम्ही. काल इथं सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात दिली होती. स्टीलच्या आरपार दिसतं का?"

काकूंनी स्टीलचा एक पेला उचलून डोळ्यासमोर धरला.

"उस्ताद, तुमच्या क्रेटमध्ये सहा सोनेरी होत्या आणि सहा दुकानातल्या काळ्या. काळ्या इथं ठेवल्यात, दादांच्या नेल्यात. उरलेल्या साध्या बियरचा क्रेट कुणी बाळासारखा उचलत नाही. घरी जाऊन एक बाटली उघडलीत. अर्धा तास थांबलात, काचेचा ग्लास घेतलात, साग्रसंगीत प्यायलात. दुसरा कुठला चोर घटाघटा प्यायला असता, नाहीतर त्यानं ती मोरीत ओतली असती. तुम्हाला ते जमलं नाही. बाकीच्या पाच बाटल्या घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या असणार."

उस्तादांचे खांदे पडले.

"जिन्याखाली," ते पुटपुटले. "यंदा हा मला मागं टाकणार हे माहीत होतं. फक्त एक वर्ष आणखी पाहिजे होतं मला. पण तो घोट घेतला आणि माझीच मला लाज वाटली. न बोलता राहवेना. बोललो, तिथंच फसलो."

"काका," धाकटी पुढं आली. "लहानपणापासून काका म्हणते तुम्हाला. बियरचं जाऊ द्या. सकाळी दादा माझ्यावर ओरडत होता, तेव्हा तुम्ही इथंच बसला होता ना? या खुर्चीत?"

उस्तादांनी तिच्यापुढं हात जोडले. "माझं नाव मी स्पर्धेतून काढतो," एवढंच म्हणाले.

"पंचांना किती बाटल्या लागतात?" वहिनींनी विचारलं.

"चार!" दादा ओरडला. "चारच लागतात! पळा!"

मग काय! दीर धावला, पिंपवाला दाढ विसरून धावला, काकू पदर खोचून मागं. जिन्याखालून पाच बाटल्या निघाल्या. एकीलाही धक्का नव्हता. काकूंनी ग्लास पुसायला घेतले, दादानं कोऱ्या बाटल्यांना नवी लेबलं चिकटवली. घाईत तीन वाकडी बसली. कुणाला पर्वा?

तीन वाजता सगळं तयार झालं. धाकटी मात्र एप्रन काढून, घडी घालून, दाराशी उभी होती.

"चल ना," दादा म्हणाला. "उशीर होतोय."

"कशी येऊ? सकाळी काय म्हणालास ते सगळ्यांनी ऐकलंय."

दादानं दाढी ओढली, इकडं तिकडं पाहिलं. सगळे बघत होते.

"चुकलो," तो शेवटी म्हणाला. "तुला विचारायला पाहिजे होतं, ते तुलाच दोष दिला. माफ कर."

"केलं. पण आज पंचांसमोर मी उभी राहणार. त्यांनी विचारलं तर बियर दोघांची आहे म्हणून सांगणार."

"सांग की. आहेच."

"आणि क्रेट? दर वर्षी तो उचलून मीच तुझ्या मागून येते."

दादा खाली वाकला, क्रेट उचलला आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मागून चालायला लागला.