घाबरलेल्या हाताची सही

सांगलीच्या मसाला गल्लीत आता भांडता भांडता कोणी काही विकत घेऊ शकत नव्हतं. घासाघीस करताना बाईचा आवाज चढला की तिच्या बोटातली नाडीमुद्रा लाल व्हायची, आणि लाल मुद्रेतून एक रुपयाही सुटत नसे. म्हणून दुकानदारांनी दाराशी स्टुलं मांडली होती. गिऱ्हाइकानं आधी मनसोक्त भांडावं, मग स्टुलावर बसून पाणी प्यावं, मुद्रा हिरवी झाली की पैसे द्यावेत. स्वप्नाली आवटीच्या गाळ्यात तर स्टुलाशेजारी पंखाही होता. "राग तुमचा, वारा माझा," असं ती म्हणायची आणि पंख्याचं वीजबिल हळदीच्या दरात बेमालूम मिसळून टाकायची.

मुद्रा आली ती लोकांच्या भल्यासाठीच. फोनवरून धमकावून म्हाताऱ्याकोताऱ्यांची खाती धुऊन नेणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा कायदा झाला: घाबरलेल्या हातातून पैसा हलणार नाही. ही अंगठी नाडी मोजते, घाम चाखते, कातडीखालचा बारीक कंप टिपते आणि हात शांत असेल तरच सही धरते. नवराबायकोच्या सामाईक व्यवहारासाठी तिच्यात 'जोडहात' नावाची सोय होती. पूजेला बसलेला नवरा संकल्प सोडतो आणि बायको त्याच्या हाताला बोटं लावते, तसंच. एकानं व्यवहार सांगायचा, दुसऱ्यानं हाताला हात लावायचा. दोन्ही मुद्रा हिरव्या, की झाली दोघांची सही. लोकांना ही सोय फार पसंत पडली. पूजेत तरी बायकोला कोण विचारतं, कसला संकल्प सोडला म्हणून?

शनिवारी दुपारी एक बाई गाळ्यात शिरल्या आणि मसाला बघायचा सोडून भिंती बघू लागल्या. त्यांच्या हातातल्या यंत्राचा तांबडा ठिपका एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उडी मारत होता.

"काय देऊ? कांदालसूण ताजा आहे," स्वप्नाली म्हणाली.

"नको. मी पतसंस्थेतून आले. मगदूम. माप घ्यायचं राहिलं होतं."

"कशाचं माप?"

"गाळ्याचं. सोमवारी ताबा आहे ना आमच्याकडे."

स्वप्नाली हसली. गल्लीत चुकून दुसऱ्याच्या दारात येणारे खूप असतात. "मॅडम, तुमचा नंबर चुकलाय. हा गाळा माझ्या आईनं मला दिलाय. यावर छदाम कर्ज नाही."

मगदूमबाईंनी यंत्र खाली केलं. त्यांचा चेहरा वाईट बातमी द्यायची सवय झालेल्या माणसासारखा होता, म्हणजे जरा जास्तच मऊ. "गाळा तारण आहे, ताई. आवटीसाहेबांनी वेळोवेळी उचल घेतलीय. हप्ते थकलेत. आणि प्रत्येक उचलीला तुमची सही आहे. जोडहात."

"माझी?"

"तुमचीच नाडी. खरं सांगू? इतका शांत हात मी नोकरीत पाहिला नाही. नव्या मुलांना शिकवताना आम्ही तुमचाच आलेख दाखवतो, निर्मळ संमती कशी दिसते म्हणून."

"कधी केल्या मी या सह्या?"

"रविवारी. सगळ्या रविवारी, दुपारी."

स्वप्नाली स्टुलावर बसली. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या त्या स्टुलावर ती पहिल्यांदाच बसत होती.

रविवारी दुपारी मटणाचं जेवण व्हायचं. मग ती आडवी व्हायची आणि तिचा नवरा रणजित शेजारी येऊन तिचा हात हातात घ्यायचा. अंगठ्यानं तिचा तळवा हळूहळू चोळायचा. पुरती झोप लागली तर ती यंत्राला कळते. पण झोपेच्या उंबरठ्यावरची, पोट भरलेली, डोळे मिटलेली ती घटका यंत्राला संमतीच वाटते. आणि त्याच वेळी तो काहीतरी पुटपुटायचा. तिला वाटायचं, जप करतो. भिशीत तिनं हे सगळ्या बायकांना ऐकवलं होतं. "आमचे हे अजून हात धरून निजवतात मला," म्हणून. दोघीतिघींनी घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना टोमणेही मारले होते.

पैशाचा हिशेब तिला कधीच भ्यायला लावत नसे. आकडा कितीही मोठा असो, त्याला कुठेतरी शेवट असतो. पण ह्याला शेवट कुठे होता? कुठला स्पर्श खरा आणि कुठला उचलीचा, हे ती आता कोणत्या वहीत ताडून पाहणार होती? तापात त्यानं कपाळावर ठेवलेला हात? आई गेली तेव्हा खांद्यावर ठेवलेला?

"मी हरकत घेते," ती म्हणाली. "आत्ता लिहून घ्या. मला फसवलंय."

"घेता येते. पण मुदत आज संध्याकाळपर्यंतच आहे. आणि हरकतही मुद्रेनंच नोंदवावी लागते. शांत हातानं."

स्वप्नालीनं मुद्रा यंत्राला टेकवली. लाल. पाणी प्यायली, पंखा लावला, डोळे मिटून कुलदेवतेचं नाव घेतलं. लाल. 'आपण दबावाखाली आहात असे वाटते. कृपया सुरक्षित ठिकाणी जा,' मुद्रा प्रेमळ आवाजात म्हणाली. घाबरायचं नाही, या विचारानंच ती जास्त घाबरत होती. आपल्याला लुटलंय हे सांगायला लुटलेल्या माणसानं निवांत असावं लागतं, हा न्याय कुठल्या शहाण्यानं काढला होता?

तेवढ्यात रणजित आला. खांद्यावर शाल, हातात नारळ, कपाळाला गुलाल. कुठल्याशा मंडळानं त्याचा सत्कार केला होता.

"स्वप्ना, अगं मंडळानं आज..." मगदूमबाई दिसल्या आणि तो तिथेच थांबला. शालीसकट माणूस इतका लहान होऊ शकतो, हे स्वप्नालीनं पहिल्यांदा पाहिलं.

"मांडवाचे पैसे तू दिलेस," ती म्हणाली. लग्नापासून 'अहो' म्हणणाऱ्या तोंडातून 'तू' सहज बाहेर आलं. "चौकातले फ्लेक्स, आहेर, अन्नदान. लोक वर्गणी काढतात आणि नाव तुझं लावतात, असं सांगायचास."

"हो."

"माझ्या गाळ्यावर?"

त्यानं नारळ हळदीच्या पोत्यावर ठेवला. "कारखान्यातलं माझं हिशेबाचं काम यंत्राकडे गेलं, तेव्हापासून मला कुणी हाक मारत नव्हतं, स्वप्ना. रस्त्यानं जायचो तर लोक बाजूनं निघून जायचे. पहिली देणगी दिली, तर चौकातून कोणीतरी ओरडलं, 'ओ रणजितशेठ!' मग थांबताच येईना."

"मला मारायची होतीस की हाक. मी मारली असती दिवसभर."

बाहेर उन्हं उतरू लागली होती. मगदूमबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "एक वाट आहे. हरकत जोडहातानं नोंदवता येते. दोघांनी मिळून सांगितलं की सह्या फसवून घेतल्या, तर गाळा आजच्या आज सुटेल. कर्ज साहेबांच्या एकट्याच्या नावावर जाईल. पण मग मला पोलिसांत कळवावंच लागेल. मुद्रेच्या गुन्ह्याला जामीन नाही."

रणजितनं शाल काढून घडी घातली. मग उजवा हात पुढे केला. "लाव हात," तो म्हणाला. "मी सांगतो तोंडानं सगळं."

तिनं बोटं लावली. सवयीनं त्याचा अंगठा तिच्या तळव्यावर फिरू लागला आणि तिच्या डोळ्यांदेखत तिची मुद्रा हिरवी झाली. मघापासून कशानंच न निवणारा हात या हातात निवला होता. गाळा जाणार म्हणून जी भीती वाटली नव्हती, ती आता तिच्या पाठीतून वर चढू लागली. पण हाताला त्या भीतीचा पत्ताच नव्हता. मुद्रा हिरवीच्या हिरवी.

"सह्या मी फसवून घेतल्या," रणजित म्हणाला. "तिला काही माहीत नव्हतं."

"साहेब, तुमची लाल आहे," मगदूमबाई म्हणाल्या.

खरंच होती. आवाज मात्र ठाम होता. त्यानं दीर्घ श्वास घेतला, पुन्हा तेच वाक्य म्हटलं. लाल. 'आपण दबावाखाली आहात असे वाटते,' त्याची मुद्रा म्हणाली.

"मी मनापासून सांगतोय," तो काकुळतीला आला. "हात ऐकत नाही गं."

"पाच-दहा मिनिटं आहेत. नंतर यंत्र घेणार नाही," मगदूमबाई म्हणाल्या.

स्वप्नालीनं त्याला स्टुलावर बसवलं. पंखा त्याच्याकडे वळवला. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यानं त्याचा तळवा चोळायला लागली. हळूहळू, गोल गोल, तो चोळायचा तसाच.

"मिटा डोळे," ती म्हणाली. 'अहो' परत आलं होतं, आणि ते मनातून आलं की मुद्दाम, हे तिलाच सांगता आलं नसतं. "काही होत नाही. मी आहे ना."

त्याचे खांदे सैल पडले. मान तिच्या बाजूला कलली. मुद्रेचा लाल रंग फिका पडत पिवळटला, आणि पिवळ्याच्या कडेनं हिरवं उमटू लागलं. मगदूमबाईंनी यंत्र जवळ आणलं.

"सांगा आता, सगळं," स्वप्नाली त्याच्या कानाशी पुटपुटली. तिचा अंगठा फिरतच होता. ही माया होती, की रविवारच्या दुपारी तिच्याशी जे होत आलं तेच? आणि ते ठरवायचं तरी कुणी, मुद्रा तर दोघांच्याही हिरव्या दिसत असताना?