उत्तर कोणी द्यायचं

नातेवाइकांना बाहेर काढल्याशिवाय मी पेशंटला काही विचारत नाही, म्हणून तू मघाशी हसलीस. या वॉर्डात नवीन आहेस. ऐक.

भर दुपार होती, पण आभाळ इतकं भरून आलेलं की दिवे लावावे लागले. मी नेहमीसारखी बीपी घ्यायला कोपऱ्यातल्या कॉटपाशी गेले. सातव्या महिन्यातली गरोदर मुलगी, तोंड सुजलेलं. शेजारी स्टुलावर सासू. तिला पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हिची पहिली सून याच कॉटवर होती. विचारायचं सुनेला, उत्तरं द्यायची हिने. "ठणठणीत आहे, नाटकं करते." मी तेव्हा खूप भांडले, तरी घरी नेलीच. परत आणली ती झटके येत असताना. पोटातल्या बाळासकट गेली.

आणि आता ही दुसरी. मी तिच्या पायावर अंगठा दाबला. पडलेली खळी भरून येईना. बीपी भलतंच चढलेलं.

"डोकं दुखतं का गं?"

"काही दुखत नाही तिचं," सासू म्हणाली. "संध्याकाळी घरी नेतोय."

"तुम्हाला नाही विचारलं, मावशी."

नवरा दारात खाली मान घालून उभा. दुसरं लग्न झालं तरी याला वाचा फुटली नव्हती.

"डोळ्यांपुढे अंधारी येते?"

मुलगी घाबरून सासूकडे बघू लागली. सासूने तोंड उघडलं...

"येते... सिस्टर, काजवे चमकतात... डोकं फुटेल आता..."

तोंड सासूचं होतं, आवाज तिचा नव्हता. तो दमलेला, बारीक आवाज मी ओळखत होते. रात्री सासूचा डोळा लागला की पहिली सून याच आवाजात पाणी मागायची. तिचे ओठ हलत नव्हते. जबडा नुसता उघडा, कोणीतरी धरून ठेवल्यासारखा.

"हिला... घरी नेऊ नका..."

नवरा भिंतीला टेकला. "राहू दे... इथेच राहू दे हिला," तो कसाबसा म्हणाला.

भीती वाटली मला, नाही कशाला म्हणू? पण राग त्याहून मोठा होता. जिवंतपणी त्या पोरीला एक वाक्य बोलू दिलं नाही यांनी.

मुलगी राहिली. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली, रात्रंदिवस लक्ष ठेवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली.

काल सासू बाजारात दिसली. तोंडावरचा पदर सरकला. एका गालावर अंगठ्याची खळी, दुसऱ्यावर चार बोटांच्या. अजून भरलेल्या नाहीत.