बाबांच्या सॉकेटमधला प्लग

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात पदरचं मी काहीही घातलेलं नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं तो माझा सख्खा पुतण्या. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. खिशात कायम स्क्रू खुळखुळतात, म्हणून घरात सगळे त्याला स्क्रूच म्हणतात.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची भरदुपार होती. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं.

स्क्रूच्या ताईचं घर. तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली. ताईचे सासरे, म्हणजे बाबा, याच खोलीत गेले, त्याला फार दिवस झाले नव्हते. त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन सतत चालू असायचं. एका दुपारी लाईट गेली, मशीन बंद पडलं आणि सगळं संपलं, असंच सगळ्यांना ठाऊक होतं.

ताई तेव्हा औषधं आणायला बाहेर पडली होती. घरात फक्त तिचा नवरा होता. स्क्रूचे दाजी.

आता तिथे पलंग नव्हता. फरशीवर मशीनच्या चाकांचे डाग तेवढे उरले होते. आणि टेबलावर कॉम्प्युटर.

तो सारखा बंद पडत होता. स्क्रीन एकदम निळी व्हायची, तिच्यावर पांढरी अक्षरं यायची, की खेळ खलास.

"दाजी, दोष तुमच्या हातात आहे," स्क्रू हसत म्हणाला. "ताई त्यावर दिवसभर शिकवण्या घेते, तिला काही होत नाही. तुम्ही बसलात की हा मान टाकतो."

"तू बहिणीचीच बाजू घेणार. अक्कल पाजळू नकोस, दुरुस्त कर."

स्क्रूने रॅम काढून खोडरबरने घासली. परत लावली. दाजी खुर्चीत बसले.

निळी.

दुसरी रॅम लावली.

निळी.

हार्ड डिस्क बदलली. विंडोज नव्याने टाकलं.

निळी.

आणि प्रत्येक वेळी, स्क्रीन निळी होण्याच्या जरासं आधी... एक आवाज.

फुस्स... टक. फुस्स... टक.

पंखा असणार, असं वाटून स्क्रूने कॅबिनेटमधल्या पंख्यावर बोट दाबलं. पंखा थांबला.

आवाज थांबला नाही.

ताई ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

"हा बाबांच्या मशीनचा आवाज आहे," ती म्हणाली.

"काहीतरी बोलू नकोस," दाजी म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

अशा वेळी स्क्रूची एक पद्धत आहे. बिघाड पहिल्यांदा झाला तेव्हा माणूस जे करत होता, ते त्याच्याकडून जसंच्या तसं पुन्हा करून घ्यायचं. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो.

"स्क्रीन पहिल्यांदा निळी कधी झाली?" त्याने विचारलं.



"बाबा गेले त्या दुपारी," ताई म्हणाली. "मी घरात आले तेव्हा निळीच होती."

"लाईट जाऊन आली असेल तर कॉम्प्युटर बंद असायला हवा, ताई. हा आपोआप चालू होत नाही."

बोलून गेल्यावर स्क्रूला कळलं, आपण काय बोललो ते.



फुस्स... टक.

"करून दाखवा," ताई नवऱ्याला म्हणाली. आवाज अगदी शांत. "त्या दुपारी काय केलंत ते."

दाजी टेबलाखाली वाकले. आपण होऊन वाकले की कोणी वाकवलं, हे स्क्रूला आजही सांगता येत नाही.

"तो वरचा सॉकेट ठिणग्या मारत होता," ते पुटपुटले. "हा एकच धड होता, आणि त्यात बाबांचं मशीन लावलेलं होतं. मला फाईल पाठवायची होती. बाबांना झोप लागली होती. वाटलं, जरा वेळ मशीन बंद राहिलं तर काय होतंय... कानात हेडफोन होते. मशीनची धोक्याची शिटी ऐकूच आली नाही मला."

आणि त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग उपसला.

कॉम्प्युटर बंद व्हायला हवा होता.

स्क्रीन निळीच राहिली.

आवाज मात्र थांबला... आणि त्याबरोबर दाजींचा श्वासही.

त्यांनी गळा धरला. तोंड उघडं, पण हवा आत जाईना. प्लग धरलेल्या हाताची नखं निळी पडली. मग ओठ. स्क्रू ओरडला, "ताई, प्लग लाव." ताई सॉकेटपासून हातभर अंतरावर होती.

ती जागची हलली नाही.

शेवटी स्क्रूनेच झेप घेऊन प्लग खुपसला.

फुस्स... टक.

दाजींनी श्वास घेतला.

पुढे मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलं. फुप्फुसं ठणठणीत. पण तो प्लग निघाला की दाजी तडफडतात. ते गावाला गेले, हॉस्पिटलात राहिले, तरी फरक नाही. त्यामुळे कॉम्प्युटर अहोरात्र चालू असतो. समोर निळी स्क्रीन, आणि खुर्चीत तिच्याकडे बघत बसलेले दाजी.

मध्यंतरी पावसाळा जवळ आला; पावसात त्या भागात वरचेवर लाईट जाते. स्क्रूने ताईला फोन केला.

"इन्व्हर्टर घेऊन येतो. लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू राहील."

 ताईच्या पाठीमागून तो आवाज येत होता... अगदी संथ.

"नको," ती म्हणाली. "बाबांच्या मशीनला कुठे होता?"

आभाळ जरा भरून आलं की स्क्रू हातातलं काम ठेवतो आणि फोनकडे बघत बसतो.