जाऊ दिलेली बस

सुरतेच्या उधना तीन रस्त्यावर सचिन गावाकडे जाणारी बस थांबत नसे, फक्त जरा हळू होई. रोजच्या माणसांना हे ठाऊक होतं. ती स्टँडवर न थांबता पुढे टायरच्या दुकानापाशी उभी राहत, आणि बस हळू झाली की पळत जाऊन दांडी धरत. उज्ज्वलाला नोकरी लागून आठवडाच झाला होता. ती बिचारी भर उन्हात स्टँडवर उभी होती. स्टँड म्हणजे तरी काय... ते शहाण्णव साल होतं, सुरतेत रस्ते रुंद करायचे दिवस होते. बसस्टँडचं छप्पर कधीच पाडलेलं, नुसता खांब उरला होता.

बस आली. दारात लटकलेली माणसं घेऊन, तिच्या ओढणीला वारा देऊन पुढे गेली. उज्ज्वला पळाली. तिच्या बाजूने आणखी कुणीतरी पळालं — निळा शर्ट, हातात डबा. दोघांनी एकदमच दांडीकडे हात नेला, आणि बसने वेग घेतला.

"जती रही," तो धापा टाकत गुजरातीत म्हणाला.

"रोज आवुं ज थाय छे?" रोज असंच होतं का, तिनेही गुजरातीतच विचारलं.

"रोज."

ती मागे वळली, तर चपलेचा अंगठा तुटलेला. आज पुन्हा उशीर, पुन्हा शेठचा चेहरा... तिच्या तोंडून हळूच निघून गेलं, "आते काय करो माय..."

तो थबकला. मग त्याच्या डोळ्यांत हसू आलं.

"तुमीन खान्देशना शेतस?"

उज्ज्वला लाजली. मघापासून दोघं परक्या भाषेत उगाच कसरत करत होती! ती शिरपूरकडची, तो पारोळ्याचा. ती सचिनच्या एका डाइंग मिलमध्ये टेलिफोनवर बसायची. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मिलमध्ये तो रंग मिसळायचा. नाव गजेंद्र.

त्याने शटल रिक्षा थांबवली. मागे चौघं आधीच कोंबलेले. त्याने त्यांना सरकवून तिला जागा करून दिली, आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर टेकला, एक पाय बाहेर. सचिन येईपर्यंत उज्ज्वला त्याच्या त्या पायाकडेच बघत होती. शेजारून ट्रक गेला की तिचा जीव खाली-वर व्हायचा.

उतरल्यावर तो म्हणाला, "उद्यापासून टायरवाल्यासमोर उभ्या राहा. आणि चप्पल पट्ट्याची घाला. बस पकडायची म्हणजे खेळ नाही."

दुसऱ्या दिवशी ती पट्ट्याची चप्पल घालून टायरवाल्यासमोर उभी राहिली.

मग ते रोजचंच झालं. बस यायची नाही, आणि ती दोघं बोलत राहायची. कधी बस यायची ती भरून. कधी ड्रायव्हर हात हलवून 'मागून येतेय' असं दाखवायचा, आणि मागून धूळ यायची. लोक शिव्या घालायचे. उज्ज्वलाही वैतागायची, निदान तसं दाखवायची.

"आज कोणता रंग?" ती संध्याकाळी परतताना विचारायची. तो हात पाठीमागे लपवायचा.

"ओळखा."

"पोपटी."

"चूक." तो बोटं पुढे करायचा. नखांपर्यंत गडद गुलाबी. "राणी कलर."

"काल पण राणीच होता."

"लग्नसराई आहे. सगळ्यांना राणीच पाहिजे..." तो तिच्याकडे बघायचा आणि लगेच रस्त्याकडे मान वळवायचा. "— कुठे मेली ही बस."

एका सकाळी त्यांच्यासमोर एक टेम्पो थांबला. आत गजेंद्रच्या मिलची माणसं बसलेली. चिंधा नावाच्या त्याच्या सोबत्याने हाक मारली, "गजा, चल ना. मिलने गाडी चालू केली तरी तू रोज इथं काय उन्हात वाळतो?"

"तू हो पुढे. मला जरा काम आहे."

"टायरवाल्याकडे?" चिंधा हसला. टेम्पो गेला.

गजेंद्र टायरच्या दुकानाची पाटी वाचत राहिला. उज्ज्वलाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या दिवशी बस फार उशिरा आली, आणि तिला ती लवकरच आल्यासारखी वाटली.

घरी लिंबायतला माय, प्रमिलाबाई, आधी रोज विचारायची, "आज बी उशीर?" आणि उज्ज्वला खरंच सांगायची, "बस वनीच नही, माय." मायला ते पटायचं नाही. रोज कशी बस येत नाही? पण आबा, तिचे वडील लोटूआप्पा, लेकीची बाजू घ्यायचे. ते लूमच्या खात्यात, यंत्रमागांवर, कामाला होते. दिवसभराच्या खडखडाटाने कान गेलेले, त्यामुळे मोठ्याने बोलायचे. "अगं, त्या बसचा काय भरवसा. पोर सांगतेय ना." उज्ज्वलाला उशीर झाला की ते गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे. लांबून ती दिसली की काही न बोलता वळून पुढे चालू लागायचे, तिने मागून यावं म्हणून.

चैत्रातली एक संध्याकाळ. सचिनच्या फाट्यावर दोघं उभी होती. हवेत रंगांचा उग्र वास, आणि वारा पडलेला. एवढ्यात बस आली. उज्ज्वलाचा विश्वास बसेना — बस चक्क रिकामी होती. खिडक्याच्या खिडक्या मोकळ्या. ती त्यांच्या पुढ्यातच थांबली, आणि कंडक्टरने दारातून विचारलं, "चालो, बेसवुं छे के नहीं?"

उज्ज्वलाने पायरीकडे पाऊल टाकलं.

"जाऊ दे ना ही..." मागून गजेंद्र म्हणाला. अगदी हळू. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. "मागून येईल दुसरी. मला... बोलायचं होतं."

तिने वळून पाहिलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. उज्ज्वला हसली. तिनेच हात हलवून कंडक्टरला सांगितलं, जा. कंडक्टर काहीतरी पुटपुटला, घंटी वाजली, आणि रिकामी बस निघून गेली.

"बोला," ती म्हणाली.

"मी घरी येऊ? आबांना भेटायला?"

"कशाला?"

"टायरचा भाव विचारायला."

ती हसत राहिली. मग एकदम गंभीर झाली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "आबांना कमी ऐकू येतं. मोठ्याने बोलावं लागेल. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल."

"जाऊ दे."

"... मग रविवारी या."

मागून दुसरी बस आलीच नाही. रिक्षाही भरूनच जात होत्या. पण त्या दिवशी दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. दिवेलागण झाल्यावर एका दुधाच्या टेम्पोने त्यांना उधन्याला सोडलं. उज्ज्वला जवळजवळ धावतच लिंबायतला आली. गल्लीच्या तोंडाशी आबा नव्हते. शेजारच्या सरलाबाई उभ्या होत्या.

"कुठे होतीस गं, पोरी..." त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

आबांच्या छातीत खात्यातच दुपारपासून दुखत होतं. घरी आणलं, मग दवाखान्यात नेलं. उज्ज्वला तिथे पोचली तेव्हा त्यांच्या अंगावर चादर ओढलेली होती, आणि माय पलंगाच्या दांडीला धरून खाली बसली होती. माय म्हणाली, "आत्ता गेले. आत्ताच. तुझं नाव घेत होते."

उज्ज्वलाने कुणालाच काही सांगितलं नाही. बस नव्हती, एवढंच सगळ्यांनी मानलं. भेटायला आलेल्या बायका बसला शिव्या द्यायच्या आणि ती खाली बघायची. मिलमधल्या माणसांबरोबर गजेंद्रही आला. दारापाशी मान घालून बसला, पाणी प्यायला, उठून गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दिवस झाल्यावर ती पुन्हा कामावर जाऊ लागली. आता घर तिच्यावरच होतं. ती टायरवाल्यासमोर उभी राहायची, पण बायकांच्या घोळक्यात. तो दूर उभा असायचा.

पावसाळा संपता संपता गजेंद्र त्याच्या मामाला, सुकदेवला, घेऊन घरी आला आणि रीतसर मागणी घातली. मायला पोरगा आवडला. लग्नानंतरही उज्ज्वलाने माहेरी बघावं, हे त्याने आपणहून सांगितलं होतं. पाहुणे गेल्यावर माय कितीतरी दिवसांनी हसली. "बोल, उज्जा."

"नको, माय."

"का? काय कमी आहे?"

"काहीच नाही."

मायने पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी उज्ज्वलाने भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं — रिकामी बस, तिने हलवलेला हात, सगळं. माय तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "तुन्हा आबा इचारत व्हतात, उज्जा वनी का. मी म्हणलं, नही. रडू यायला लागलं मला. तर मलाच म्हणे, 'ती बस कधी टाईमवर येस का? येई ती. घाबरू नको.' रागावले नव्हते, उज्जा. अजिबात नाही."

उज्ज्वला तेव्हा रडली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आबा शेवटपर्यंत बसलाच बोल लावत राहिले होते. आणि तिची बाजू घेत राहिले होते.

"त्या पोराचा यात काय दोष?" माय म्हणाली. "आणि तुझा तरी काय?"

"माहीत आहे, माय. कुणाचाच नाही. पण तो हसला की मला ती बस दिसते. जन्मभर दिसेल. त्याने हसायचंच नाही का मग?"

दुसऱ्या दिवशी सचिनच्या फाट्यावर ती स्वतःहून गजेंद्रजवळ गेली. तिने काही सांगायच्या आधीच त्याला कळलं.

"दुसरी बस मिळाली असती तर..." तो म्हणाला, आणि तिथेच अडकला.

"मी रोज स्वतःला वेगळंच सांगते. की ती रिकामी बससुद्धा वाटेत भेस्तानला बंद पडली असती."

"मग?"

"मग झोप लागत नाही."

ट्रकमागून ट्रक जात होते.

"एक सांगू?" उज्ज्वला म्हणाली. "तुम्ही मला फार आवडता. पहिल्या दिवसापासून. रिक्षातून तुमचा पाय बाहेर लटकत होता ना, तेव्हापासून. हे न सांगता राहिले असते तर... तुम्हाला भलतंच काही वाटलं असतं."

त्याचे डोळे भरून आले. तो रंग लागलेल्या हाताने पुसायला गेला, तशी तिने त्याचं मनगट धरलं आणि स्वतःचा रुमाल दिला.

"अंकलेश्वरला एका मिलमध्ये जागा आहे," रुमालाची घडी घालत तो म्हणाला. "जाऊ म्हणतो."

"राहाल कुठे?"

"मिलच्या मागेच खोली देतात. चालत जायचं. बसची भानगड नाही."

ती किंचित हसली. "आणि जेवण?"

"मेस आहे."

"मेसचं तिखट असतं. तुम्हाला सोसत नाही."

"नाही सोसत," तो म्हणाला.

शटल रिक्षा आली. मागे दोनच जागा होत्या. दोघं शेजारी शेजारी बसली. वाटेत आणखी माणसं कोंबली गेली, आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. दोघांनीही अंग चोरलं नाही. भेस्तान गेलं, पांडेसरा गेलं. खाडीवरच्या पुलावर रिक्षा रहदारीत अडकली. पुढचे प्रवासी वैतागून ड्रायव्हरला बोलू लागले. उज्ज्वलाने डोळे मिटून घेतले.

तीन रस्त्याला ती उतरली. तो स्टेशनपर्यंत पुढे जाणार होता.

"गजेंद्र," ती बाहेरून वाकून म्हणाली, "तू नीट राहा."

रिक्षा सुटली. रस्ता ओलांडायला बराच वेळ जागा मिळेना. ती कडेला उभी राहिली, आणि गाड्या थोड्या थांबल्यावर घराकडे चालू लागली. माय एकटी होती.