भिंतीवरची काळी चौकट

दार लोटा रे, काराकोल शहराचा सगळा वारा आत घेऊन बसलात. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मागाहून मला बोल लावू नका.

मी या कॉलेजचा अन् वसतिगृहाचा राखणदार, अन् माझी बायको अनार खालच्या स्वयंपाकघरात. तुम्ही तिला एजे अन् मला आके म्हणता, थोरली बहीण-भाऊ मानून, तशीच बुरुलही म्हणायची. बुरुल पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होती, राहायला तिसऱ्या मजल्यावर. तीन वर्षं झाली. चोवीस नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळचे चार. बादली मागायला आली.

“आके, बादली आणि खरवडायला पत्र्याची पट्टी द्या ना. पलंगाजवळचा भिंतीचा कागद सुटलाय.”

“रात्रीपर्यंत लेख द्यायचाय ना गं? आणि आज भिंती खरवडतेस?”

“सुचत नाही म्हणून तर खरवडतेय!”

हसली, पण रडकुंडीला आली होती. विभागात फी माफीची जागा एकच, ज्याचा लेख सरस त्याला. नाही मिळाली तर बहिणीसारखं मॉस्कोला जायचं, लोकांचे जिने पुसायला. बापाने तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं.

आता आपल्याकडे भिंतीला आधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवतात, त्यावर फुलाफुलांचा कागद. बुरुलने फुलं ओढून काढली, तर खाली आपल्याच कॉलेजचं वर्तमानपत्र, सत्याऐंशी सालचं. कुणा विद्यार्थिनीने लिहिलं होतं. चौघींनी एका तव्यातले बटाटे खाल्ले ते, जिन्यात बसून पाठ केलेले धडे, कोऱ्या कागदापुढे बसून रात्रभर चावलेलं पेन. अगदी बुरुलच्याच मनातलं. लिहिणारीचं नाव तेवढं खळीने खाल्लं होतं. पोरीने तो लेख शब्दन् शब्द उतरवला, खाली आपलं नाव घातलं आणि सहाला विभागाच्या पेटीत टाकून आली.

मन मात्र खात होतं तिला. खाली आली तेव्हा अनार बोरसोकचे कणकेचे तुकडे तळत होती, मीही चुलीपाशी बसलो होतो. गुरुवारी तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचवायचा आणि त्यांची नावं घ्यायची, हे तुम्हाला काय सांगायचं.

“एजे, माझ्याकडून एकीचं नाव घ्याल?”

“कुणाचं गं?”

“नाव नाही ठाऊक. आहे की गेली, तेही नाही. तिचा एक लेख आहे, आज मी पेटीत टाकला तो.”

“हात्तिच्या! मग त्यात काय? त्या लेखाखाली जिचं नाव आहे, तिच्या आत्म्याला हे पोचो.”

आम्ही तोंडावरून हात फिरवले, प्रार्थना संपवताना फिरवतात तसे. ओमिन.

बुरुलचे हात तोंडावरच राहिले.

“एजे... खाली नाव माझं आहे.”

अनारच्या हातातला झारा खाली पडला. तेल तडतडत राहिलं.

मी बॅटरी घेतली. वर गेलो. तिघंही.

खोलीत ओल्या खळीचा वास. भिंतीवर तोच लेख. खाली नावाची जागा... मघाशी रिकामी होती म्हणे.

काळी चौकट. मेलेल्यांच्या बातमीला असते तशी. आत छापलेलं नाव... बुरुल.

मी बोट लावलं. शाई बोटाला लागली.

सकाळी मी पेटी उघडून दिली, विभागाच्या बाईंनी लेख वाचले आणि त्यातला एक कागद घेऊन आल्या. पेटीची किल्ली रात्रभर माझ्या कमरेला होती. “जागा या लेखाला! पण नाव का नाही घातलं कुणी? बुरुल, अक्षर तुझंच ना? घाल बघू नाव.”

कागदाचा तळ पांढराशुभ्र. खोडल्याची खूणही नाही.

बुरुलने पेन हातात घेतलं. मग खाली ठेवलं.

“माझा नाही हा लेख, बाई.”

रविवारी मॉस्कोला गेली. मी तिला गाडीत बसवलं, आणि खरं सांगतो, म्हातारा असून रडलो. भिंतीवर नवा कागद लावला, पण ते एक टोक काही चिकटत नाही.

तिथून दर गुरुवारी फोन यायचा. “आके, गेलं का हो नाव?”

“गेलं गं पोरी, केव्हाच.”

खोटं बोलायचो. दर वेळी बघायचो, नाव तिथंच असायचं.

गेल्या गुरुवारी फोन आला नाही. मी लावला. बंद. आजही बंद.

मघाशी वर जाऊन आलो. टोक उचललं.

चौकट आहे...

आत नाव नाही. त्या पहिल्या लिहिणारीसारखं हिलाही भिंतीने खाल्लं.