शेंदराची आतली बाजू

शेंदराच्या खोळीच्या आतल्या बाजूला तेलाचा एक थेंब होता. तुरीच्या दाण्याएवढा, फिकट पिवळा, अजून ओला. बाहेरून खोळ केशरी होती, आतून जवळजवळ काळी. दगडासारख्या टणक झालेल्या त्या काळ्या थरावर थेंब अगदीच नवखा दिसत होता.

लतिका टिळे यांनी त्याला बोट लावलं, वास घेतला, आणि बोट रुमालाला पुसलं.

"मॅडम, बाहेर लोक तापलेत," गाभाऱ्याच्या दारातून फौजदार अमोल म्हणाला. तो त्यांचा एकेकाळचा विद्यार्थी. भूगर्भशास्त्र सोडून पोलिसात गेला, पण दगडाचं काही निघालं की फोन त्यांनाच. सकाळी त्याचा फोन आल्यावर त्यांनी गंगापूर रोडवरच्या फ्लॅटला कुलूप लावलं. कुठे चाललेय ते सांगायला मागे कोणी नव्हतं.

निफाडजवळच्या या वस्तीवर सिनेमाचं शूटिंग चालू होतं. रहस्यपट. त्यात पुरातत्त्व खात्याची एक बाई मारुतीची शेंदराची खोळ फोडते आणि आत देव सापडतच नाही. त्यासाठी कलादिग्दर्शक धवलने बेदाण्याच्या शेडमध्ये हुबेहूब खोटा मारुती उभा केला होता. आणि काल दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, खऱ्या मारुतीचीच खोळ निघाली.

आत मारुती नव्हता. तलवार घेतलेला एक माणूस होता, पायाशी गाय. वीरगळ. गुरं राखताना मेलेल्या कोणाची तरी आठवण.

"धवलनेच केलं," माजी सरपंच रंगनाथ पायरीवरूनच ओरडला. "सिनेमात फोडून पोट भरलं नाय. आता अटक करा, नायतर आमी सामान हलू देनार नाय."

"काल आधी कोणी पाहिलं?" लतिकाबाईंनी विचारलं.

"म्याच. सांजच्याला दर्शनाला आलो तर ही दशा."

"खोळ कुठे होती?"

"हितंच, भुईवर. उताणी."

"आणि देवाचे चांदीचे डोळे?"

"ताम्हनात. पान्यात तुळस घालून ठेवलेले."

"शेंदराचा नवा लेप देताना डोळ्यांचं काय करता तुम्ही?"

"आधी काढून पान्यात ठेवायचे. देवाला सोताचं उघडं अंग दिसू नये." रंगनाथ वैतागला. "बाई, चोर शोधताय का पूजा शिकताय?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या. कोणीतरी हसलं.

धवल शेडच्या दाराशी बसला होता. रात्रभर झोपला नसावा.

"मी कशाला फोडीन, मॅम? माझी खोळ प्लास्टरची आहे, एका फटक्यात फुटते. खरी मला फुटणारही नाही."

"शूटिंग बघायला कोण कोण यायचं?"

"सगळं गाव. आठवडाभरात पांगलं. गुरव आजी मात्र रोज. आम्ही खुर्ची द्यायचो, त्या भुईवरच बसायच्या. शॉट झाला की विचारायच्या, आत काय निघालं रं? मी म्हणायचो, आजी, थर्माकोल!"

"हसायच्या?"

धवलने आठवून पाहिलं. "नाही. त्या कधी हसल्या नाहीत."

चंद्रभागा गुरव देवळामागच्या खोलीत राहायच्या. नवरा गेल्यापासून पूजा त्याच करत. लतिकाबाईंना त्यांनी कोरा चहा दिला. एकच कप होता. स्वतः वाटीतून प्यायल्या.

"काल दुपारी कुठे होतात?"

"हितंच."

"काही आवाज आला?"

"नाय."

कोनाड्यात देवाच्या दिव्याची बाटली होती. "तेल कसलं वापरता?"

"खुरासणीचं. पेठच्या डोंगराकडून येतं. तो दुसरं घेत नाय." देवाबद्दल त्या घरातल्या हट्टी माणसासारखं बोलत होत्या.

"मुलं?"

"सायली हाय, देवळालीला. जावई कॅम्पात नोकरीला. ये म्हनते. लय वर्सं झाली म्हनतेय." वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "म्या म्हनते, बघू. ह्याला सोडून कशी जाऊ? ह्याला कोन हाय?"

लतिकाबाईंनी अमोललाच तेवढं त्या खोलीत बोलावलं. दार लोटलं.

"खोळ फोडलेली नाही," त्या म्हणाल्या. "छिन्नीचा ओरखडा नाही, भुईवर एक कपचा नाही. एवढं जड कवच आपोआप पडलं असतं तर तुकडे झाले असते. ते कोणीतरी मांडीवर झेललं आणि अलगद उताणं ठेवलं. आतल्या बाजूला तेल आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या उजेडही पोचला नव्हता. कोमट तेल फटीतून सोडत, दम धरत, सुटवलंय ते. तेल खुरासणीचं आहे."

"दिव्यातलं तर धवलही घेईल," अमोल म्हणाला.

"घेईल. पण डोळे पाण्यात ठेवणार नाही, तुळस घालून तर नाहीच. चोर चांदी नेतो. सिनेमावाला डोळ्यांसकट फोडतो. हे ज्याने केलं त्याला देवाला लाजवायचं नव्हतं. रंगनाथने केलं असतं, तर त्याने एवढी माया दाखवली नसती." त्या वळल्या. "चंद्रभागाबाई, आत बघायचं होतं ना?"

चंद्रभागाबाईंनी रिकामी वाटी उचलून कोनाड्यात ठेवली.

"रोज त्या शेडात फुटायचा आन् आत काय नसायचं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मनात आलं, आपल्या मारुतीच्याबी आत कोन नसंल तर? मंग म्या कुनासाठी थांबले इतकी वर्सं? नसला तर जायला मोकळी हुईन, असं वाटलं. आन् त्याचंच लय भ्या वाटलं."

"आणि निघाला हा."

"ह्यो मारुती नाय. ह्याला म्या वळखत नाय."

लतिकाबाई देवधर्म करणाऱ्या नव्हत्या. पण जे दिसत होतं ते सांगणं भाग होतं. त्यांनी चंद्रभागाबाईंना गाभाऱ्यात नेलं आणि बॅटरी खोळीच्या काठावर धरली. काठावर थर दिसत होते, एकावर एक.

"वरचा हा बोटभर तुमचा. खालचे सगळे दुसऱ्यांच्या हातचे." मग त्यांनी उजेड दगडाकडे वळवला. माणसाच्या चेहऱ्यावर नाक-डोळे उरले नव्हते. गाल गुळगुळीत होते, तलवार मात्र तशीच टोकदार. "शेंदराखाली दगड झिजत नाही. ऊन-पावसाने झिजला असता तर तलवारही गेली असती. फक्त तोंड झिजलंय. शेंदूर लागण्याआधी माणसं त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती. हा कोण, ते मी सांगू शकत नाही. एकटा नव्हता, एवढं सांगते."

चंद्रभागाबाईंनी हात पुढे केला. थांबल्या. मग त्या गुळगुळीत गालावर तळवा ठेवला.

"म्हंजे माज्या आधीबी व्हतं कुनी."

"होतं."

"मंग म्होरंबी आसंल."

लतिकाबाईंनी बॅटरी बंद केली. ते शास्त्रात बसत नव्हतं.

चंद्रभागाबाईंनी पदर सारखा केला, आणि गाभाऱ्यातून बाहेर येऊन त्या पायरीवर उभ्या राहिल्या. "त्या पोराला सोडा," त्या म्हणाल्या. "खोळ म्या काढली. माज्या हातानं." रंगनाथचं तोंड उघडंच राहिलं. कोणीतरी "अगं बया" म्हणालं. गलका उठायच्या आत त्या अमोलकडे वळल्या.

"साहेब, तुमचा फोन द्या जरा. नंबर पाठ हाय मला."

रिंग वाजत राहिली. मग पलीकडून आवाज आला.

"सायले, मी बोलते. ऐक," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "न्यायला ये मला."